अंगठ्याच्या मापाचं भोक

डेट्रॉइटच्या उपनगरात राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी ऑफिसच्या बॉलिंग लीगमध्ये नाव घातलं. खेळाची ओढ वगैरे काही नव्हती. डिसेंबरात पाच वाजता अंधार पडतो, बाहेर बर्फ, घरात बसून बसून माणूस आंबतो. बॉलिंग सेंटरमध्ये निदान उजेड असतो आणि चार माणसं मोठ्यानं बोलत असतात. तिसऱ्या आठवड्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. पाचव्या आठवड्यात तो फुटला. सातव्या आठवड्यापर्यंत तिथे घट्टा तयार झाला आणि मला वाटलं, चला, हात सरावला. नवी चप्पल चावते, मग पायाला बसते, तसंच हे. चूक तिथेच होती. चपलेचं चामडं पायाच्या आकाराला वळतं. बॉलचं भोक जसं पाडलं तसंच राहतं, आणि वळायचं काम एकट्या अंगठ्यावर येतं.

याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी तीन बॉल ड्रिल करून घेतले, त्यातल्या एकाची भोकं दोनदा बुजवून परत पाडून घेतली, आणि प्रो शॉपच्या काउंटरला टेकून पुष्कळ गप्पा ऐकल्या. बॉलिंग सेंटरच्या कोपऱ्यात किंवा शेजारच्या गाळ्यात जे छोटं दुकान असतं, जिथे बॉल विकतात आणि भोकं पाडून देतात, ते प्रो शॉप. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. बॉल हाताला बसतो की नाही याची कसोटी एकच: तो धरून ठेवायला हात दाबावा लागतो का? दाबावा लागत असेल तर बॉल कितीही महागाचा असो, तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. स्पॅन, पिच, इन्सर्ट, टेप ही सगळी भाषा याच एका प्रश्नाभोवती फिरते. आणि बॉल विकताना दुकानात नेमका हा प्रश्न सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते.

आधी थोडा हिशेब. लीगच्या एका संध्याकाळी तीन गेम होतात. माझ्यासारख्याला त्यात पन्नासेक वेळा बॉल टाकावा लागतो. बॉल 15 पौंडांचा, म्हणजे सात किलोला थोडा कमी. दोन-अडीच तासांत तीन बोटांवरून साडेतीनशे किलोंच्या आसपास वजन मागे झुलवून पुढे सोडलं जातं. नियमानं बॉल जास्तीत जास्त 16 पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा असू शकतो, आणि त्याचा व्यास साडेआठ इंचांच्या किंचित वर. बॉल 8 पौंडांचा असो की 16, व्यास तोच. हलका बॉल लहान हातासाठी लहान केलेला नसतो. लहान असतात ती फक्त भोकं.

सेंटरमधले फुकट वापरायचे बॉल, ज्यांना हाउस बॉल म्हणतात, त्यांची सगळी अडचण इथून सुरू होते. हलक्या बॉलची भोकं लहान आणि जवळजवळ, जड बॉलची मोठी आणि लांबलांब, असा सरळ हिशेब त्यात असतो: ज्याच्यात ताकद जास्त त्याचा पंजा मोठा. जगात माणसं अशी हिशेबानं घडत नाहीत. माझी बायको 12 पौंडांचा बॉल सहज पेलते, पण तिच्या बारीक बोटांना बसणारी भोकं 8 पौंडांच्या गुलाबी बॉलवर. मग ती जड बॉल घेते आणि तो निसटू नये म्हणून बोटांनी आवळते, किंवा हलका घेते आणि पिना नुसत्या डोलतात. त्यातून हाउस बॉलचं अंगठ्याचं भोक मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, कारण कोणाचा अंगठा अडकला तर तक्रार सेंटरवर येते. सैल भोकात अंगठा काय करतो? गाठीपाशी वाकतो आणि भोकाच्या भिंतीला हुकासारखा टेकतो. अंगठ्याच्या गाठीवर, मागच्या बाजूला ज्यांना खरचटतं त्यांचं निदान मी आता डोळे मिटून सांगतो: भोक सैल आहे, तुम्ही दाबताय.

पूर्वीही फार वेगळं नव्हतं. लाकडाच्या काळात, म्हणजे लिग्नम व्हायटी या दगडासारख्या टणक लाकडाचे बॉल वापरत तेव्हा, बॉलला दोनच भोकं असत, अंगठ्याला एक आणि मधल्या बोटाला एक. 1895 साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बॉलिंग काँग्रेस स्थापन झाली आणि मापं-वजनं नियमात बसली. 1905 च्या सुमाराला कडक रबराचा ‘एव्हरट्रू’ आला, पुढे पॉलिएस्टर, 1980 च्या दशकात युरेथेन, 1990 च्या दशकात रिॲक्टिव्ह रेझिन. या इतिहासात मला रस एवढ्यापुरताच की प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर बॉल लेनला जास्त पकडायला लागला, बॉलला फिरकी देण्याला महत्त्व आलं, आणि फिरकी देतात बोटं. त्यामुळे बोटं बॉलमध्ये किती खोल जावीत हा प्रश्न पुढे आला.

त्याची उत्तरं मुख्यतः दोन. कन्व्हेन्शनल ग्रिपमध्ये मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. हाउस बॉल असेच पाडलेले असतात. फिंगरटिप ग्रिपमध्ये बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच आत, त्यामुळे अंगठ्यापासूनचं अंतर वाढतं आणि अंगठा निघाल्यावर बोटांना बॉलवर काम करायला वाव मिळतो. मधल्या मजल्यावरची सेमी-फिंगरटिप आता फारशी दिसत नाही. ती बोटाच्या पेरावर मधोमध भार टाकते आणि मला तरी तिचा उपयोग कळलेला नाही. सार्ज ईस्टर या खेळाडूच्या नावानं ओळखली जाणारी एक ग्रिप मात्र अजून अधूनमधून सुचवली जाते: मधलं बोट फिंगरटिपसारखं, अनामिका दुसऱ्या सांध्यापर्यंत आत. अनामिका दुखते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या वयस्कर लोकांना तिनं बरं वाटतं.

पण ग्रिप कोणती हे ठरलं तरी माप घ्यायचं राहतंच, आणि कस लागतो तो इथे.

मी पहिला बॉल घेतला ते दुकान घाईत होतं. शनिवारची दुपार, मागे रांग. माप घेणाऱ्यानं माझा हात बॉलवर ठेवला, पट्टी लावली, आकडे लिहिले, पाच मिनिटांत काम झालं. तासाभरानं बॉल हातात आला तेव्हा काय भक्कम वाटला म्हणून सांगू! पंजा बॉलला असा चिकटला होता की सुटणारच नाही. इथे फसायला होतं, नवखा तर हमखास फसतो. ताणलेला हात दुकानात भक्कम वाटतो. लेनवर दहाव्या थ्रोला तोच ताण मनगटात उतरतो आणि पंचविसाव्याला अंगठ्याच्या मुळाची कातडी सोलायला लागते. माझा स्पॅन पाव इंचानं लांब होता.

स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटांच्या भोकांच्या कडेपर्यंतचं अंतर. मराठीत वीत आहे, पण वीत म्हणजे हात फाकवून होईल तेवढं अंतर. इथे नेमकी उलट गरज आहे: हात न फाकवता, सैल ठेवून होणारं अंतर. दोन बोटांचे स्पॅन वेगवेगळे मोजतात, कारण कोणाची अनामिका मधल्या बोटाच्या बरोबरीला येते तर कोणाची बरीच मागे राहते. तीनही भोकं एकमेकांशी जुळली नाहीत तर सगळा भार एका बोटावर जातो.

माझा दुसरा ड्रिलर सत्तरीचा होता, फोर्डमधून निवृत्त झालेला. टूल-अँड-डायच्या खात्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे इंचाच्या चौसष्टाव्या भागाची त्याला नवलाई नव्हती. त्यानं आधी बॉलला हातच लावला नाही. माझा पंजा उताणा करून दिव्याखाली धरला आणि घट्टे बघत बसला. “लांब पाडलाय,” एवढंच म्हणाला. मग विचारलं, टायपिंग करतोस का, गिटार वाजवतोस का, या हाताचं कधी हाड मोडलं होतं का, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का. हे सगळं ऐकताना मला एखादा ज्योतिषी समोर बसल्यासारखं वाटत होतं, फरक इतकाच की याचं सगळं बरोबर येत होतं. अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या बाजूला घट्टा असेल तर स्पॅन लांब किंवा अंगठ्याचा कोन चुकलेला. अंगठ्याच्या गाठीवर मागे खरचटलेलं असेल तर भोक सैल. बोटांच्या टोकांना फोड असतील तर अंगठ्याचं काम बोटं करतायत. हाताचं असं वाचन जो करत नाही त्याच्याकडून बॉल पाडून घेऊ नये, हे माझं आजचं ठाम मत आहे.

मग त्यानं माप घ्यायचा बॉल काढला, ज्यावर वेगवेगळ्या अंतरांची भोकं पाडलेली असतात. “अंगठा मुळापर्यंत घाल. आता बोटं ताणू नकोस, बॉलवर नुसती पडू दे.” बोटं पडली तिथे सांध्याच्या वळीपाशी त्यानं पेन्सिलीची खूण केली. कन्व्हेन्शनल ग्रिपमध्ये दुसऱ्या सांध्याची वळी भोकाच्या जवळच्या कडेपलीकडे साधारण पाव इंच पडावी असा जुना ठोकताळा आहे. फिंगरटिपमध्ये पहिल्या सांध्याची वळी भोकाच्या मध्याच्या आसपास असावी म्हणतात, पण त्या ‘आसपास’मध्ये किती सरकायचं यावर ड्रिलरांची दोन घराणी आहेत. एक घराणं ताठ स्पॅनचं: हात बॉलवर सपाट बसला की बॉल डगमगत नाही. दुसरं सैल स्पॅनचं, ज्याला इथे रिलॅक्स्ड म्हणतात: तळव्याखाली थोडी जागा राहू दे, हात आपला आपण बसेल. माझा म्हातारा दुसऱ्या घराण्यातला. पण सैलपणाचीही हद्द असते. स्पॅन फार आखूड झाला की पंजाची कमान होते, अंगठा आत वाकतो आणि 15 पौंडांचा बॉल 18 पौंडांचा वाटायला लागतो.

त्यानंतर पिच. हा शब्द ऐकला की निम्मे लोक मान हलवतात आणि विषय बदलतात, म्हणून सावकाश सांगतो. भोकाची जागा स्पॅननं ठरते, भोकाची दिशा पिचनं. भोक नेमकं बॉलच्या मध्याकडे जात असेल तर पिच शून्य. ते तळव्याकडे झुकलं तर फॉरवर्ड, तळव्यापासून दूर गेलं तर रिव्हर्स, आणि डावी-उजवीकडे कललं तर लॅटरल. मोजतात इंचात: पाव इंच रिव्हर्स म्हणजे भोकाची रेघ तशीच पुढे नेली तर ती बॉलच्या मध्याला पाव इंचानं चुकवते. कोनात बोलायचं तर जेमतेम तीन-साडेतीन अंश. एवढासा कल, पण अंगठ्याला तो लगेच कळतो. अंगठ्याचं रिव्हर्स पिच वाढवलं की अंगठा लवकर सुटतो; फॉरवर्ड केलं की बॉल हातात जास्त टिकतो. स्पॅन लांब तसं रिव्हर्स जास्त, हा जुना नियम, आणि कित्येक दुकानांत त्याचे तक्ते भिंतीवर असत. हल्लीचे बरेच ड्रिलर तक्त्याऐवजी अंगठा मागे किती वळतो ते बघतात. काहींचा अंगठा मागे धनुष्यासारखा वाकतो, काहींचा खुंटीसारखा सरळ. एकाच स्पॅनच्या या दोन हातांना एकच पिच दिलं तर एकाचा बॉल हातातून गळेल आणि दुसऱ्याचा अडकेल.

दाबण्याचा प्रश्न इथे अगदी जवळून दिसतो. बॉल हातातून निसटतोय असं वाटलं की माणूस दाबतो. दाबला की अंगठा फुगतो आणि अडकतो. अडकला की बॉल उशिरा सुटतो, हवेतून जाऊन लेनवर धप्पकन आदळतो. मग माणूस म्हणतो भोक घट्ट आहे, आणि ते मोठं करून घेतो. मोठ्या भोकात आणखी दाबावं लागतं. मी स्वतः हे चक्र एक अख्खा हंगाम फिरलोय. ‘घट्ट’ म्हणून मी जे भोक दोनदा घासून मोठं करून घेतलं ते मुळात घट्ट नव्हतंच, त्याची दिशा चुकलेली होती.

बोटांच्या पिचबद्दल एवढंच सांगतो की त्याचा परिणाम अंगठ्याच्या मानानं कमी जाणवतो, आणि फिंगरटिपच्या भोकांत बसवायच्या रबरी-प्लास्टिकच्या नळ्या, ज्यांना इन्सर्ट म्हणतात, त्यांनी बरंच निभावून जातं. त्या झिजल्या की बदलायच्या. दोन बोटांच्या भोकांमध्ये साधारण पाव इंचाची भिंत ठेवतात. ती फार पातळ झाली तर तिथे तडा जातो.

अंगठा मात्र इन्सर्टनं निभावत नाही, कारण तो गोल नाही. ड्रिलचं पातं गोल भोक पाडतं आणि माणसाचा अंगठा चपटा, एका बाजूला नख, दुसऱ्या बाजूला मांसाचा उंचवटा, मध्ये गाठ. हे मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं ते माझ्या आईनं. ती वाईहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि घरात कंटाळते म्हणून मी तिला दुकानात नेलं. म्हातारा माझ्या अंगठ्यावर एकेक नळी चढवून बघत होता: ही गाठीपाशी अडते, ही गाठीतून जाते पण मुळाशी खडखडते. आई खुर्चीवरून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “अरे, हा कासारासारखं का करत नाही? कासार मनगट कधी बघत नाही. अंगठा आत मुडपून पंजा किती दबतो ते बघतो. अडतं ते तिथे. मनगटात बांगडी सैलच राहायची.”

मी त्याला भाषांतर करून सांगितलं, आणि बांगड्यांची मापंही सांगितली: दोन-चार म्हणजे दोन इंच आणि इंचाच्या सोळाव्या भागाचे चार, म्हणजे सव्वादोन इंच व्यास, दोन-सहा, दोन-आठ तशीच पुढे. चौसष्टाव्या भागात बोलणाऱ्या माणसाला हे फारच आवडलं. पण त्यानं एक मुद्दा काढला. बांगडी एकदा भरली की हातात राहते; अंगठा पन्नास वेळा आत-बाहेर करतो. त्यामुळे गाठीला जागा द्यायची आणि मुळाशी ढिलंही राहू द्यायचं नाही, असं दोन्ही साधावं लागतं. त्यासाठी त्यानं आधी प्लास्टिकची भरीव कांडी, म्हणजे स्लग, बॉलमध्ये चिकटवली आणि तिच्यात भोक पाडलं. मग ड्रिल मशीनचं टेबल इंचाच्या काही चौसष्टांशांनी सरकवून त्याच भोकात पुन्हा पातं घातलं, म्हणजे भोक गोलाचं लंबगोल झालं. लंबगोलाचा लांब अक्ष कुठल्या बाजूला कलवायचा हे त्यानं माझा अंगठा बॉलजवळ कसा जातो ते चार-पाचदा बघून ठरवलं. शेवटी वाकड्या सुरीनं आणि सँडपेपरनं कडा मारल्या. कडा मारणं, म्हणजे बेव्हल, यालाच त्याचा सगळ्यात जास्त वेळ गेला. आतल्या बाजूची कड जास्त, बाहेरची कमी, बोटानं चाचपून परत थोडी. आई म्हणाली, “हां, आता याला कळलं.”

या कडेचं महत्त्व डॉक्टरांनाही माहीत आहे. अंगठ्याच्या तर्जनीकडच्या बाजूनं एक बारीक नस जाते. भोकाची कड तिथे वर्षानुवर्षं घासत राहिली की नसेभोवती जाड तंतू तयार होतात, हाताला गाठ लागते, अंगठ्याला मुंग्या येतात, कधी टोक बधिर होतं. याला बोलर्स थंब असंच नाव आहे. हाडांच्या शस्त्रक्रियेच्या एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकात 1972 साली अशा सतरा रुग्णांचा आढावा छापून आला होता. शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. सुरुवातीचा इलाज साधा असतो: काही दिवस खेळ बंद, अंगठ्याला संरक्षक टोपी, आणि भोक बदलून घ्या, म्हणजे कड गोल करा, मोठं करा, पिच बघा. म्हणजे डॉक्टरही फिरून ड्रिलरकडेच पाठवतो. मुंग्या येत असतील तर त्याला ‘सराव’ म्हणू नये. मी दीड वर्ष म्हटलं होतं.

मग अंगठा घालायचाच कशाला? हा प्रश्न गेल्या वीसेक वर्षांत थट्टेचा राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी दोन्ही हातांनी बॉल टाकतो, अंगठा भोकात घालत नाही. त्याच्या आईवडिलांचं बॉलिंग सेंटर होतं, तो तिथेच रांगता-चालता खेळायला लागला, आणि एवढ्याशा पोराला एका हातानं बॉल उचलणं शक्यच नव्हतं म्हणून दोन हात लावले. त्यानं ती पद्धत सोडली नाही आणि पुढे पीबीएच्या, म्हणजे व्यावसायिक बॉलर्सच्या संघटनेच्या, 15 मेजर स्पर्धा जिंकल्या, जितक्या आधी कोणीच जिंकल्या नव्हत्या. फिनलंडचा ओस्कू पालेर्मा त्याच पद्धतीचा. आता आमच्या सेंटरमध्ये शाळकरी मुलांच्या लीगला गेलात तर निम्मी मुलं दोन हातांनी खेळताना दिसतात. त्यांना अंगठ्याचे घट्टे नाहीत, स्पॅनची कटकट नाही. दोन भोकं आणि त्यांचं पिच, संपलं. मला हेवा वाटतो, पण पन्नाशीत कमरेचा असा पीळ मला झेपणारा नाही. आणि ई. जे. टॅकेटसारखा माणूस अंगठा घालून, एका हातानं खेळून आज अव्वल आहे, तेव्हा अंगठ्याचे दिवस संपले असं म्हणणंही घाईचं होईल.

नियमही मध्ये आला. 1 ऑगस्ट 2020 पासून युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसनं, म्हणजे यूएसबीसीनं, बॉलवर जी भोकं असतील ती पकडीसाठीच हवीत असं केलं. पूर्वी बॉलचा तोल साधायला एक जादा भोक पाडत, ते बंद झालं. अंगठ्याचं भोक पाडून ठेवायचं आणि त्यात अंगठा घालायचा नाही, हेही चालेनासं झालं. याचा माझ्यासारख्यांना झालेला फायदा थोडा वेगळा होता. ड्रिलरचा जो वेळ त्या चौथ्या भोकाची जागा ठरवण्यात जायचा तो आता तीन भोकांना मिळतो.

ले-आउटबद्दल थोडक्यात. बॉलच्या पोटात ओबडधोबड आकाराचा गाभा असतो, आणि भोकं गाभ्याच्या कुठल्या बाजूला पाडली यावर बॉल कधी आणि किती वळणार हे अवलंबून असतं. मो पिनेल नावाच्या माणसानं यासाठी ड्युअल अँगल ही पद्धत आणली. ते 2021 मध्ये गेले. दुकानात या कोनांवर तासन्‌तास बोलतात आणि ते खरंच मजेचं शास्त्र आहे. पण तो सगळा हिशेब बॉल प्रत्येक वेळी सारखा सुटेल असं धरून केलेला असतो. ज्याचा अंगठा कधी अडकतो, कधी निसटतो, त्याच्या बॉलला कुठला कोन दिलाय यानं काय फरक पडणार? नवा बॉल दोनशे डॉलरला घेऊन जुन्याच चुकीच्या मापानं पाडून घेणारे लोक मी दर हंगामाला बघतो. जुना बॉल बुजवून नव्या मापानं पाडायला त्याच्या निम्मेही पैसे लागत नाहीत. भोकांत रेझिन ओततात, ते आळायला एक दिवस जातो, मग ते तासून नवी भोकं पाडतात. बॉल ठिगळाचा दिसतो, एवढंच.

पुण्यात गेलो की भाचे मला मॉलमधल्या लेनवर घेऊन जातात. तिथे अर्थातच हाउस बॉल. पहिल्या गेमनंतर सगळ्यात लहान भाचा अंगठा चोखत आला आणि म्हणाला, “मामा, बॉल चावतो.” मी त्याला जास्त मोठ्या भोकांचा हलका बॉल शोधून दिला आणि अंगठा सरळ ठेवायला सांगितलं: आवळायचा नाही, पडला तर पडू दे. तीन वेळा बॉल त्याच्या मागेच पडला, मागच्या टेबलावरची माणसं पाय वर घेऊन बसली. चौथ्या वेळी सरळ गेला. हाउस बॉलवर याहून जास्त काही करता येत नाही. रोज खेळणाऱ्यानं स्वतःचा बॉल घ्यावा आणि तो पाडून घेताना ड्रिलर सोबत लेनवर येऊन चार थ्रो बघायला तयार आहे का हे आधी विचारावं. तयार नसेल तर दुसरं दुकान बघावं. दुकानात उभ्यानं घेतलेलं माप ही सुरुवात असते. हात झुलायला लागला की तो वेगळाच वागतो. माझ्या म्हाताऱ्यानं मला पहिल्या आठवड्यानंतर परत बोलावलं, दुसऱ्या आठवड्यानंतर परत, आणि दोन्ही वेळा कड थोडी थोडी मारली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

एवढं सगळं करूनही हात काही स्थिर राहत नाही. मीठ जास्त झालं, रात्री झोप झाली नाही, तिसरा गेम आला, की अंगठा फुगतो. मिशिगनच्या जानेवारीत गाडीतून सेंटरपर्यंत चालत आलं की तो आक्रसतो. यासाठी टेप असते, नखाच्या आकाराच्या पट्ट्या, भोकाच्या आत चिकटवायच्या: एक लावली की भोक किंचित घट्ट, एक काढली की किंचित सैल. काही गुळगुळीत, काही खरखरीत. खरखरीत टेप अंगठ्याच्या पोटाकडे असावी की नखाकडे, यावर आमच्या टीममध्ये दोन वर्षं वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंचे स्कोर सारखेच वाईट आहेत. माझ्या बॅगेत टेपच्या कागदावर मी तारीख आणि पट्ट्यांची संख्या लिहून ठेवतो. डिसेंबरात चार, एप्रिलमध्ये दोन, आणि जुलैत एकदा, आई परत निघाली त्या आठवड्यात, एकही नाही.

म्हातारा आता दुकानात येत नाही, त्याचा पुतण्या बसतो. माझ्या मापांचं कार्ड त्याच्याकडे आहे: दोन स्पॅन, तीन पिच, लंबगोलाचा कोन, सगळं पेन्सिलीनं, म्हाताऱ्याच्या सुबक अक्षरात. या हंगामात अंगठ्याचा सांधा सकाळी आखडायला लागलाय. पुढच्या मंगळवारी पुतण्याकडे जायचं आहे, आणि त्याला आधीच सांगून ठेवलंय की कार्ड बाजूला ठेव, हात बघ.